परीक्षेचा फोन

पडद्यावर नंबर उमटला तेव्हा ती संत्रं सोलत होती. नंबर नीट वाचायची गरजच पडली नाही. बाबांनी तो आपल्या होड्यांच्या कडेला पांढऱ्या रंगात मोठा करून काढला होता, आणि पाटीवर आकडे गिरवायच्या आधी तिने ते होड्यांवर गिरवले होते. सालीचा तुकडा नखात तसाच राहिला. मग राग आला. नंबरचा नाही, मशीनचा. मशीन म्हणे कुणाचं नसतं. तळ्याकाठच्या सगळ्या लॉजचे नंबर त्याच्या पोटात टाकलेले. ते पिसून एकेक पुढ्यात टाकायचं, आणि ज्याच्या पुढ्यात जो पडेल त्याने तो लावायचा. ओळखीतला निघाला तर हात वर करून साहेबांना सांगायचं आणि शेजारच्या टेबलाला द्यायचा, असा नियम भिंतीवर चिकटवलेला होता. नियमाखाली हसणाऱ्या सूर्याचं चित्र होतं. या ऑफिसात कशाखालीही हसणारा सूर्य असायचा, संडासाच्या दारावरसुद्धा होता. तिने हात वर केला नाही. संत्र्याची फोड तोंडात टाकली. आंबट निघाली.

ऑफिसचं नाव एवढं लांबलचक होतं की ते कुणी पुरतं घेत नसे. आपत्ती, पर्यटन, सहाय्य, पुनरुज्जीवन, असे भारदस्त शब्द एकमेकांचा शेपटा धरून उभे होते. काम मात्र साधं होतं. कुठे पूर यायचा, कुठे डोंगर खाली यायचा, कुठे जंगल पेटायचं, कुठे किनाऱ्यावर तेलाचा थर बसायचा. मग बातम्या यायच्या, मग माणसं यायची बंद व्हायची, आणि मग तिथल्या हॉटेलवाल्यांना, लॉजवाल्यांना, होडीवाल्यांना परत पायावर उभं करायला हे ऑफिस धावायचं. उभं करायचं म्हणजे बोलायला शिकवायचं. गाळ उपसायला, छपरं घालायला दुसरी ऑफिसं होती, त्यांची माणसं चिखलाने भरलेले बूट घालून जिन्यात भेटायची आणि हिच्या ऑफिसातल्या बायका त्यांच्यापासून साड्या आणि ओढण्या सांभाळत बाजूला व्हायच्या. हिच्याकडे स्क्रिप्ट होती. फोनवर पाहुण्याने असं विचारलं तर तसं सांगायचं. 'काही झालं नाही' असं म्हणायचं नाही, कारण लोक इतके मूर्ख नसतात. 'आता काही नाही' असं म्हणायचं, कारण तितके असतात. हे तिनेच लिहिलेलं होतं. साहेबांनी ते एका मोठ्या सभेत स्वतःचं म्हणून वाचून दाखवलं, टाळ्या घेतल्या, आणि परत आल्यावर तिला म्हणाले, "आपलं ते वाक्य फार चाललं बरं का." आपलं. साहेबांच्या तोंडी हा शब्द आला की समजायचं, हिच्या हातून काहीतरी गेलं.

स्क्रिप्ट शिकवायला आवाजाचे मास्तर होते. ते पूर्वी नाटकात होते, म्हणजे तसं ते सांगायचे. हसत बोललं की हसू तारेतून पलीकडे पोचतं, असा त्यांचा सिद्धान्त, आणि त्यासाठी त्यांनी गावोगावच्या काउंटरवर छोटे आरसे टांगून घेतले होते. घर वाहून गेलेली माणसं आरशात बघत दात दाखवत फोन उचलायला शिकली. एका बिचाऱ्याने तर कंसातल्या सूचनांसकट पाठ केलं होतं. ती गिऱ्हाईक होऊन बोलत होती आणि तो गंभीर आवाजात म्हणाला, "डोंगर आता शांत आहे, इथे हसावे, आपण निर्धास्त या." तिने त्याचे मार्क कापले आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ते करून दाखवलं. सगळे पोट धरधरून हसले. हसता हसता तिला ते सगळे किळसवाणे वाटले, दातांत अन्न अडकलेले, डोळ्यांतून पाणी काढणारे. पण ती आणखी एकदा करून दाखवायला लागली, कारण मागणी होती.

तर शिकवून झालं की परीक्षा. खोटं गिऱ्हाईक व्हायचं आणि फोन लावायचा. त्यांना माहीत असायचं की असे फोन येतात, कोणता ते माहीत नसायचं. शेजारच्या टेबलावरची बाई नव्या नवरीचा आवाज काढायची, "आम्ही दोघंच आहोत हो," आणि तिची मोठी सून तिला दुपारी औषधाची आठवण करायला फोन करायची. हिच्याकडे जास्त माल होता. निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघेदुखीवाली काकू, खेकसणारी वकीलबाई. आणि आई. आजारी लेकराची आई हा आवाज सगळ्यात अवघड प्रश्न विचारायचा, आणि तळ्याकाठचे लॉजवाले त्याला टरकून होते. तो आवाज तिला फारसा काढावा लागत नसे. जरासा बारीक करायचा, श्वास मध्येच तोडायचा, की झालं. बाकी सगळं घरचंच होतं.

तळ्याचं असं झालं होतं. वादळ आलं, ते सगळीकडे आलं. पण वरच्या अंगाला कारखान्याने आपलं घाण पाणी साठवायला बांध घातला होता, तो त्या वादळात फुटला. सकाळी तळं तांबूस झालं, दुपारपर्यंत मासे पोटं वर करून काठाला लागले. नंतर पंप आले, पिंपं आली, पांढरी पावडर आली, पाहणी करणारी मंडळी आली आणि चष्मे पुसून गेली. शेवटी कागद आला, पाणी योग्य आहे. कागदाच्या तळाशी एक ओळ होती, नाजूक प्रकृतीच्या व्यक्तींनी काळजी घ्यावी. माहितीपत्रक छापताना ती ओळ कुठे घालायची, असा प्रश्न पडला तेव्हा हिनेच सुचवलं की मागच्या पानावर, छपाईवाल्याच्या पत्त्याच्या खाली. साहेब खूश झाले. तिला साहेबांचा तिटकारा होता, पण तिच्या युक्त्या ओळखणारा तेवढा एकच माणूस त्या मजल्यावर होता, याचाही तिला तिटकारा होता.

गेल्या सुट्टीत ती लेकीला घेऊन तिथेच गेली होती, दादाकडे. बाबांच्या मागे लॉज दादाच चालवायचा, दादा आणि वहिनी. जाऊ नये असं तिला वाटलं नव्हतं असं नाही. पण वहिनीचा फोन आला, लेक नाचायला लागली, आणि ओळ छपाईवाल्याच्या पत्त्याखाली गेली की माणसालाही ती दिसेनाशी होते. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. संध्याकाळी लेकीची छाती वाजायला लागली आणि मग घाटातून गाडी, दवाखान्याची पिवळी भिंत, तोंडावर नळी, लेकीच्या गळ्याखालचा खड्डा आत आत जाणारा. सकाळी लेकीला बरं वाटल्यावर ती लॉजवर सामान आणायला गेली. जेवणघरात पाहुणे नाश्ता करत होते. दादा एका म्हाताऱ्या जोडप्याला टोस्ट वाढत सांगत होता, पाणी एकदम स्वच्छ आहे, आता काही नाही. तिचंच वाक्य. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "हे पाणी विषारी आहे आणि तू माणसांना इथे झोपवतोस. माझी मुलगी मरता मरता वाचली." म्हाताऱ्याने टोस्ट परत ताटलीत ठेवला. वहिनी गुपचूप कप उचलायला लागली. दुपारपर्यंत लॉज रिकामं झालं. दादा लाकडी धक्क्यावर पाठ करून उभा राहिला तो ती निघेपर्यंत वळला नाही. त्यानंतर ना त्याचा फोन, ना तिचा. तिला वाईट वाटलं नव्हतं. ती खरं बोलली होती, आणि सोमवारी ऑफिसात येऊन तिने त्याच तळ्यासाठी आणखी सरस वाक्यं लिहिली. नवरा म्हणाला, "तुला बरं जमतं बाई, दोन्ही डगरींवर हात." ती म्हणाली, नोकरी वेगळी आणि मुलीची छाती वेगळी. नवऱ्याने मान हलवली आणि पेपरात तोंड घातलं. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवायचा. कपाटाचं दार सैल झालं की ते जसं आपोआप हलतं तशी.

दादाची आधीच्या फेऱ्यांतली उत्तरं तिने ऐकली होती. फोन दुसऱ्यांनी केले होते. पण रेकॉर्डिंग कुणालाही ऐकता यायची, आणि जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली गेले की ती कानाला लावून बसायची. पैकीच्या पैकी. आवाजात लोणी. शेजारीण नवी नवरी झाली होती आणि दादा तिला म्हणत होता, "चांदणं बघायला तर आमच्याकडेच या, ताई, होडी मी स्वतः वल्हवतो." हाच तो दादा. लहानपणी पाहुण्यांनी सहज विचारलं, काय रे, ढेकूण नाहीत ना इथे, तर हा सांगायचा, कोपऱ्यातल्या खोलीत आहेत, तुम्ही मधली घ्या. बाबांचा हात त्याच्या कानाखाली बसायचा, तरी पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच. बाबा कपाळाला हात लावून म्हणायचे, हे पोरगं धंदा बुडवणार. तिला तेव्हा तो ठोंब्या वाटायचा. आता तो सफाईने बोलत होता तर लाचार वाटत होता. एवढी वर्षं त्याला जे जमलं नाही ते बाबांच्या थपडांनी नाही, हिच्या स्क्रिप्टने शिकवलं, हे ऐकताना कुठेतरी अभिमानही वाटायचा, आणि तो वाटला की घास तोंडात फिरायचा.

ही शेवटची फेरी होती. या फेरीत जे पास होतील त्यांची नावं हंगामाच्या यादीत जाणार, आणि जाहिराती, सवलतीच्या सहली, शाळांच्या ट्रिपा, सगळं त्या यादीवरून. यादीबाहेर राहिलं की संपलं. मागच्या वर्षी दादाच्या शेजारचं लॉज राहिलं होतं. त्याच्या खिडक्यांवर आता फळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्याचा मालक म्हणे मुलाकडे जाऊन नातवंडं शाळेत पोचवायचा. वहिनीने हे तिला त्या शेवटच्या भेटीत सांगितलं होतं, पालेभाजी निवडता निवडता, खाली मान घालून. म्हणजे या एका फोनवर दादाचं लॉज राहणार होतं किंवा जाणार होतं. दादा पास होणार यात काही शंकाच नव्हती. मुख्याध्यापिका होऊन दोन गोड प्रश्न विचारले असते तर काम फत्ते झालं असतं. पण संत्र्याची साल टोपलीत टाकताना तिला कळून चुकलं की ती आईच होणार आहे. तिला बघायचं होतं. आजारी लेकरू म्हटल्यावरसुद्धा तो तसाच लोणी लावून बोलतो का, स्वतःच्या भाचीला तोंडावर नळी लावलेली बघूनसुद्धा. बोलला तर एकदाचा निकाल लागेल, मग त्याची कीव करायची गरज नाही, त्याला फोन न केल्याचीही टोचणी नाही. टोचणी हा शब्द मनात आला तसा तिने झटकून टाकला आणि बटण दाबलं.

घंटी वाजत राहिली. ती घंटी कुठे वाजते ते तिला दिसत होतं, जिन्याखालचं टेबल, त्याचा एक पाय पुठ्ठ्याने उचललेला. मग आवाज आला. "नमस्कार, तळ्याकाठी आपलं मनापासून स्वागत आहे." आरशात बघतोय, तिने मनात म्हटलं. मेला आरशात बघतोय.

"नमस्कार," ती बारीक आवाजात म्हणाली. "आम्हाला खोली हवी होती. पण काय आहे, आमच्या बाळाला दम्याचा त्रास आहे. तुमच्याकडे ते पाण्याचं काहीतरी झालं होतं ना? म्हणून म्हटलं, आधी विचारावं."

तिच्या हिशोबाने इथे त्याने 'काळजी वाटणं साहजिकच आहे' म्हणायला हवं होतं. हे ती झोपेतही सांगू शकली असती. तो म्हणाला नाही. मागे धक्क्याच्या लाकडांवर पाणी आपटत होतं. भांड्यांचा आवाज आला, वहिनी असणार, आणि थांबला.

"हॅलो," ती म्हणाली. "चालेल का हो, आणलं तर?"

"शहाणे," दादा म्हणाला. "परीक्षा घेतेयस की विचारतेयस?"

शहाणी हे तिचं नाव फक्त त्या घरात होतं. बाबा गेल्यापासून ते दादाशिवाय कुणी घेत नव्हतं, आणि गेल्या सुट्टीपासून कुणीच नाही. हेडफोनच्या फोमच्या गोळ्यांतून ते थेट आत गेलं.

"परीक्षा असेल तर तसं सांग," दादा म्हणाला. लोणी गेलं होतं, आवाज जरा घोगरा, थकलेला. "मला पाठ आहे सगळं, घडाघडा म्हणतो. पण विचारत असशील तर नको आणूस तिला. वारा सुटला की पांढरा फेस अजून काठाला येतो. मलाच रात्री खोकला येतो, तर तिचं काय. तू त्या दिवशी बोललीस त्यात खोटं काही नव्हतं. फक्त लोकांसमोर बोललीस." मग थोडा थांबून, "छाती कशी आहे आता तिची?"

त्याला उत्तर द्यायला नुसतं तोंड उघडायचं होतं. बरी आहे रे, एवढे तीन शब्द. पण डाव्या हाताला काचेच्या केबिनमधून साहेब बाहेर पडले होते, गळ्यात हेडफोन अडकवून, फेरी मारायला, आणि ती म्हणाली, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय हो तुमचा," आणि लाइन तोडली. मग तिच्या लक्षात आलं की एवढ्यातही ती आवाज बारीक करायला विसरली नव्हती.

आवाज त्याने ओळखला यात नवल काहीच नव्हतं. नवल हे की ती विसरली होती. हंगाम संपला, लॉज रिकामं झालं की दोघं पाहुणा-पाहुणा खेळायचे. तो टेबलामागे मालक, ती दाराबाहेर जाऊन पाहुणा होऊन यायची. कधी लष्करातला अधिकारी, कधी बहिरी म्हातारी, कधी दोन भांडणाऱ्या बायका एकटीच. त्याने डोळे मिटून ओळखायचं की शहाणी आहे की खरा पाहुणा. ती जीव तोडून आवाज काढायची आणि तो पहिल्या शब्दाला हसायचा. एकदा तर तिने वहिनीच्या आधीच्या, गावातल्या एका मुलीचा आवाज काढला होता, जिच्यावर त्याचा जीव होता. तेव्हाही त्याने डोळे न उघडताच ओळखलं आणि तिच्या डोक्यात टपली मारली. रागाने ती दोन दिवस बोलली नाही. तिला वाटायचं, एवढं कसं कळतं या ठोंब्याला. आजही तेच वाटलं, आणि त्याच्या मूर्खपणाचा तिला संताप आला. ओळखलंस तर ओळखलंस. पास तरी हो. हंगामाची यादी आहे, लॉज आहे, वहिनी आहे, आणि हा एका खोट्या बाईला खरं सांगत बसलाय. बाबा बरोबरच बोलायचे. पण इतके दिवस जो सगळ्या जगाला लोणी लावत होता त्याने हिलाच तेवढं लावलं नाही, हेही तिला कळत होतं, आणि ते कळणं सहन होत नव्हतं.

"काय झालं?" साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांना बडीशेपेचा वास यायचा.

"लाइन तुटली."

"तुटलेली मोजायची नाही, तिचं रेकॉर्डिंगही राहत नाही. परत लावा. बऱ्याच दिवसांत मी तुमचं ऐकलं नाही," असं म्हणत त्यांनी आपली वायर तिच्या यंत्रात खोचली आणि टेबलाच्या कडेवर अर्धे बसले, "तुमचा तो आईचा आवाज काढा, मजा येते."

"आई नको," ती म्हणाली. "आता दुसरं काहीतरी. त्याला संशय येईल."

"जशी तुमची मर्जी. कलाकार तुम्ही."

कलाकार. तिला त्या माणसाच्या पँटच्या इस्त्रीवर संत्र्याचा रस पिळावासा वाटला. तिने आता काहीही आवाज काढला तरी दादा ओळखणार. तो पुन्हा म्हणणार, शहाणे. साहेब भुवया उंचावणार, आणि ओळखीतला नंबर लपवला म्हणून तिची नोकरी जाईल ती जाईल, पण दादाचं नाव तिथल्या तिथे खोडलं जाईल. ऑफिसातल्या बहिणीशी संगनमत. आणि तो तर भाबडा, छातीचंच विचारत बसेल. त्याला कसं सांगायचं, की ही परीक्षा आहे, आता खरं बोलू नकोस, माझ्याशीसुद्धा नको. सांगायला एकच वाट होती, आवाज. साहेबांच्या बोटाने टेबलावर टकटक केलं. तिने बटण दाबलं.

"नमस्कार, तळ्याकाठी आपलं मनापासून स्वागत आहे."

"नमस्कार," ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, भरदार, शिस्तीचा, प्रत्येक शब्द वेगळा. "मी एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका बोलते आहे. मला स्पष्ट प्रश्न विचारायला आवडतात आणि स्पष्ट उत्तरं. तुमची तयारी आहे का?"

पुन्हा ते पाण्याचं आपटणं. साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. तिला वाटलं, आता. आता म्हणेल.

"अगदी," दादा म्हणाला. "विचारा ना, बाई."

आणि लोणी परत आलं. तिने विचारलं, त्याने सांगितलं. काळजी वाटणं साहजिकच आहे. मागच्या वर्षी थोडं झालं होतं, आता काही नाही. सरकारी तपासणी झालेली आहे, कागद समोरच लावलाय, आपण आल्यावर बघा. पाणी निवळशंख. हवा अशी की झोप लागली की सकाळच. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, काही चुकलं नाही. तिने अंगातला सगळा धीर गोळा करून एकेक चौकोनात खूण केली. त्याला कळलं होतं. पहिल्या शब्दाला कळलं होतं की शहाणीच आहे, आणि या वेळी विचारत नाही, परीक्षा घेतेय. आता तो तिच्याशी बोलत नव्हता. जगातल्या बाकीच्यांशी बोलायचा तसंच तिच्याशी बोलत होता, आणि तिनेच ते मागितलं होतं.

शेवटचा प्रश्न उरला. "आमच्याबरोबर नातवंडं असतील," ती म्हणाली. "लहान मुलांना काही त्रास?"

स्क्रिप्टमध्ये इथे एवढंच होतं, मुलांसाठी तर स्वर्गच. दादा ते म्हणाला. आणि थांबला नाही.

"अहो बाई, माझी सख्खी बहीण येतेय पुढच्या आठवड्यात, लेकीला घेऊन," तो म्हणाला. "तिच्या लेकीची छाती नाजूक आहे जरा, तरी येतेय. मग तुम्हाला कसली काळजी?"

तिने लिहिलेल्या कुठल्याच वाक्यात हे नव्हतं. तिने चौकोन शोधला, तोही नव्हता. साहेब टेबलावरून खाली उतरून नीट उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. आभारी आहे, कळवतो, इतकं पुरे होतं. त्याऐवजी मुख्याध्यापिका म्हणाली, "दरवर्षी येते का हो?"

"येते ना," दादा म्हणाला. आवाज गोड, हसरा. आरशात बघत असणार. "धक्क्यावरची खोली तिचीच असते. कुणाला देत नाही मी."

"मग आम्हीही येतो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

साहेबांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. क्षणभर ते काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत तेवढा वेळ तिला त्यांच्याबद्दल जवळजवळ माया वाटली.

"याला म्हणतात आपुलकी," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी द्या. यादीत पहिलं नाव. आणि हे बहिणीचं आपल्या स्क्रिप्टमध्ये आहे?"

"नाही."

"मग घाला. आजच घाला, सगळ्यांना पाठवा. छातीचं ठेवा बरं का, छातीचं फार भारी आहे. ते सख्खी वगैरे काढलं तरी चालेल, उगाच लांबण."

ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिने स्क्रिप्ट उघडली, मुलांसाठी तर स्वर्गच, याच्यापुढे जागा केली आणि ते वाक्य लिहिलं. सख्खी काढलं नाही. इतक्या वर्षांत साहेबांचं न ऐकलेलं ते तिचं पहिलंच, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. दादाचं नाव यादीत गेलं. पुढच्या आठवड्यात ती तळ्यावर गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी एकदा रिसीव्हर उचलून ठेवला, कारण कोणत्या आवाजात बोलायचं ते ठरेना, आणि कोणत्याही आवाजात बोललं तरी पलीकडून काय येईल ते तिला पाठ होतं. हंगाम लागला, यादीतल्यांच्या उजळणीचे फोन सुरू झाले आणि तळ्याकाठच्या एकूण एक लॉजवाल्याची सख्खी बहीण नाजूक छातीच्या लेकीला घेऊन यायला लागली. ज्यांना बहीण नव्हती त्यांचीही. ती दिवसभर नंबर लावायची, ऐकायची, खुणा करायची, आणि प्रत्येकाला शेवटी तो एक जादा प्रश्न विचारायची, दरवर्षी येते का हो. आणि ते सगळे, एकही न अडखळता, हसून सांगायचे, येते ना.